मागचा डावा

भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर जीव तोडून पळाला तरी ताशी पंचवीस-तीसच पळतो.

रुक्मिणीबाईंच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आज उलटवायच्या होत्या.

दुकानाच्या भिंतीवर तेलरंगाने लिहिलेलं: गाडी चालवताना फोन उचलू नये. उचलणाऱ्याने टायर दुसरीकडून घ्यावेत.

दुपारी दोन वाजता एक गजर वाजतो. रक्तदाबाच्या गोळीचा.

काँक्रीटच्या रस्त्याला थोड्या थोड्या अंतरावर सांधा असतो. चाक त्यावरून गेलं की टप् वाजतं.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे.

ताप पाहायचा तर तळहाताने पाहू नये. कष्टाचा तळहात राठ असतो, तो खोटं सांगतो. हात उलटा करावा.

शून्य

शनिवारी बाराच्या सुमाराला धम्मशीला अमडापूरच्या स्टँडवर एस.टी.तून उतरली. संग्रामपूरला बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. दोन दिवस तिकडेच गेले होते. मे महिन्याचं ऊन असं पडलं होतं की कुत्रीसुद्धा बसखाली शिरून बसली होती. घरी पिशवी टाकावी, तोंडावर पाणी मारावं, असं माणसाला वाटतं. धम्मशीला सरळ आपल्या टायरच्या दुकानात गेली. तिचं असंच होतं. माहेराहून आली तरी आधी कॉम्प्रेसरची खुशाली.

शटर वर केलं आणि ती थांबली.

कॉम्प्रेसरला टेकवून दोन टायर उभे होते. तिचेच. तिच्या हातातून गेलेल्या प्रत्येक टायरच्या गालावर खडूने लिहिलेलं असायचं: हवा कधी भरली, किती पौंड, कोणत्या जागेवर. एकावर होतं ‘मा. डा.’, दुसऱ्यावर ‘मा. उ.’. मागचा डावा, मागचा उजवा. डाव्याच्या गालावर बोटभर लांबीची चीर होती, आतले धागे दिसत होते. उजवा धडधाकट होता.

म्हणजे ट्रेलरच्या मागच्या धुरीवर, दोन चाकांच्या आसावर, आता दुसरेच टायर होते.

तिच्या नवऱ्याचा, धम्मरत्नचा, गाड्या वाहून न्यायचा धंदा होता. पुढे पिकअप, मागे चार चाकांचा ट्रेलर, ट्रेलरवर कोणाची तरी कार: बंद पडलेली, ठोकलेली, कधी कोरी. ट्रेलर गावातल्याच किसनरावांनी बांधून दिलेला. किसनरावांचं वर्कशॉप म्हणजे मुळात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं. जीपच्या सोळा इंची चाकांवर त्यांनी हा बेताचा, बुटका ट्रेलर उभा केला होता आणि दोन वर्षं तो नीट चालला होता. चालला, कारण त्याचे टायर धम्मशीलाच्या ताब्यात होते.

ती म्हणायची, ट्रेलरचा टायर हा घरातल्या गरीब सुनेसारखा. ओझं तिच्यावर, लक्ष कोणाचंच नाही. पुढच्या चाकाला काही झालं तर ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. मागून ओढल्या जाणाऱ्या चाकाचं दुखणं ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही; पोचतं तेव्हा ट्रेलर आडवा झालेला असतो. म्हणून तिचे नियम होते. कारचे टायर ट्रेलरला लावायचे नाहीत, त्यांचे गाल मऊ. गालावरचा वजनाचा आकडा वाचल्याशिवाय टायर उचलायचा नाही. चार आकडी जन्मतारीख पाहायची, कितवा आठवडा, कोणतं साल. कारण टायर नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. ट्रेलर उभा असला की चाकाखाली फळी आणि चाकावर गोणपाट. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. एका धुरीवर दोन वेगळे टायर नाहीत, जोडी मोडायची नाही. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा: गाडी भरून निघालं की पंचवीस किलोमीटरवर थांबायचं आणि चारही टायरांना उलटा हात लावायचा. लेकराच्या कपाळाला लावतात तसा.

धम्मरत्न हसायचा. ‘‘लोकायच्या घरी देव्हारा राहते, माह्या घरी आरटीओ आहे,’’ असं चार माणसांत सांगायचा. पण हात लावायचा.

तिनं किसनरावांना फोन लावला.

‘‘किसनभाऊ, जय भीम. ट्रेलरले टायर तुम्ही बसवले का?’’

‘‘जय भीम, वैनी. म्याच बसवले. परवा एकाची कार शेतातून काढता काढता नांगराचा फाळ लागला ना. गाल फाटला. म्हनलं एकच बदलू, तर तुमचे हे म्हने, नाही बाबा, जोडी मोडली तर बायको घरात घेनार नाही.’’ मागे ग्राइंडर कोकलत होता, त्याच्यावरून किसनराव ओरडत होते. ‘‘दोन्ही नवे लावून देल्ले. कोरे करकरीत. तीन पट्टीचे, आठ प्लायचे. वरून हत्ती बसवा!’’

तीन पट्टीचे.

धम्मशीला खाली बसली. स्टुलावर नाही, तिथंच कापलेल्या टायरच्या काठावर.

‘‘ट्रॅक्टरचे पुढचे लावले?’’

‘‘हाव. माप तेच आहे ना, सोळाचं. फिटिंग अशी आली, जशी त्याच्यासाठीच घडवली. अन् वैनी, ट्रॅक्टर आहे तो! चिखलातून, ढेकळातून ट्रॉली वढून नेते. तुमच्या भगवंतराव मास्तरची कार म्हनजे त्याले चिमनी.’’

‘‘किसनभाऊ, ट्रॅक्टर किती पळते?’’

‘‘आं?’’

‘‘ग्राइंडर बंद करा. ट्रॅक्टर रस्त्यानं किती पळते?’’

ग्राइंडर थांबला. किसनराव वाईट माणूस नव्हते. चाळीस वर्षं लोखंडात गेली होती, आणि लोखंडात जाड ते मजबूत हा एकच कायदा असतो. रबराचा कायदा वेगळा आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

‘‘पंचवीस,’’ ते म्हणाले. ‘‘लई तर तीस.’’

‘‘त्या टायरच्या गालावर वेगाची खूण असते. ए अन् आठ. म्हनजे चाळीसच्या वर नको. अन् हे आज मास्तरची गाडी घेऊन नागपूरले चालले. समृद्धीवरून. तिथं किती पळवतीन?’’

पलीकडे किसनरावांनी ग्राइंडर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी हळू: ‘‘टायर जाड आहे ना पन, वैनी.’’

‘‘जाड आहे म्हनूनच. जाड गोधडीत ताप लवकर चढते, उतरत नाही. टायर वजनानं नाही फुटत, किसनभाऊ. तापानं फुटते.’’

‘‘मी लावतो त्याले फोन.’’

‘‘लावा,’’ धम्मशीला म्हणाली आणि समोरच्या भिंतीवरची स्वतःच्याच हातची अक्षरं तिनं वाचली. ‘‘उचलनार नाहीत.’’

पस्तीस

तिनं स्वतः धम्मरत्नला तीन वेळा फोन लावला. तीनही वेळा पूर्ण वाजला आणि बंद झाला. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात, आवाज बंद करून ठेवलेला असणार. पाच वर्षांपूर्वी असाच एक फोन उचलताना धम्मरत्नने रस्त्याकडेच्या बाभळीत गाडी घातली होती. तेव्हा तिनं त्याला शपथ घातली आणि भिंत रंगवली. त्या दिवसापासून एकदाही त्यानं नियम मोडला नव्हता. आज मोडावा, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

तिनं हिशोब केला. साडेअकराला निघायचं ठरलं होतं. भरला ट्रेलर, खड्ड्यांचा रस्ता. धम्मरत्न पस्तीसच्या वर जाणारच नाही. पस्तीसला ते टायर काही करणार नव्हते. मेहकरजवळ महामार्गाचं तोंड होतं, अमडापूरहून साठ-पासष्ट किलोमीटर. तिथपर्यंत खड्डेच त्यांचे रखवालदार. एकदा का त्या गुळगुळीत काँक्रीटवर चढला, की काटा ऐंशीवर ठेवणार आणि तीन तास हलवणार नाही. वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन, खाली तव्यासारखा रस्ता.

पंचवीस किलोमीटरवर तो थांबणार होता. चिखली ओलांडली की पुंजाजीचं चहाचं हॉटेल. तिथंच थांबायचा, नेहमी.

‘‘पुंजाजीबाबा, आमचे हे आले का तिथं?’’

‘‘आले होते ना, माय. हे काय, दहा मिन्टं झाली गेले. मास्तर होते संगं. बिनसाखरेचा चहा घेतला मास्तरनं, अन् वरतून तीन क्रीमची बिस्किटं खाल्ली.’’

‘‘टायरले हात लावला का त्यायनं?’’

पुंजाजी खिदळला. ‘‘लावला ना. उलटा हात, जशी नाडीच पाहून राह्यला. मी म्हनलं बी, काहो डाक्टर, पेशंट कसा आहे?’’

‘‘चारहीले लावला?’’

‘‘चारहीले...’’ पुंजाजी आठवू लागला. ‘‘नाही. पुढच्या दोघाले. मागचे म्हने कोरे हायेत, नव्या नवरीचा काय ताप पाहाचा.’’

धम्मशीलाने डोळे मिटले. उघडले. ‘‘बाबा, कोणाले मोटारसायकलवर पाठवता का त्यायच्या मागं? म्हना, महामार्गावर चढू नका.’’

‘‘कोणाले पाठवू, माय? सारं गाव लग्नाले गेलं. मी आहो अन् शेळी आहे.’’

तिनं फोन ठेवला. पाण्याची बाटली घेतली, ओढणी तोंडाला गुंडाळली. निघता निघता कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे तिची नजर गेली. गेली आणि तिनं नजर ओढून परत आणली. स्कूटीची किल्ली फिरवली.

भगवंतराव गुरुजींचं घर वाटेवरच होतं. गुरुजी बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. गिअरबॉक्स गेला तो त्यांच्याच कारचा, आणि तो कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या डोळ्यांदेखत उघडावा, असा त्यांचा आग्रह. म्हणून ते पिकअपमध्ये बसले होते. रुक्मिणीबाई गच्चीवर कुरडया उलटवत होत्या. धम्मशीला खालूनच ओरडली.

‘‘काकू! गुरुजींचा नंबर सांगा.’’

‘‘का गं? काही झालं का?’’

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण वर उन्हात उभी असलेली ती साठी उलटलेली बाई, डोक्यावर पदर, हातात एक अर्धी कच्ची कुरडई. धम्मशीलाची सवयच होती: सांगायचं नाही, करून टाकायचं.

‘‘नाही, टायरचं विचाराचं होतं.’’

रुक्मिणीबाईंनी नंबर सांगितला. धम्मशीलाने तिथंच लावला. वाजत राहिला.

‘‘नाही उचलायचे आता,’’ रुक्मिणीबाई वरून म्हणाल्या. ‘‘साडेबाराला डोळा लागतो तो दोनपर्यंत. घरात असोत की गाडीत. उशाशी ढोल वाजव. वर्गातसुद्धा मधल्या सुट्टीत झोपायचे. दोनला गोळीचा गजर होतो, त्याला मात्र ताडकन उठतात.’’

‘‘फोनले उठत नाहीत अन् गजराले उठतात?’’

‘‘गजर मी लावून दिलाय ना,’’ त्या म्हणाल्या. मग, धम्मशीलाने स्कूटी वळवली तेव्हा, जरा थांबून: ‘‘टोपी काढू नका म्हणावं उन्हात.’’

बारा वाजून चाळीस मिनिटं.

त्या साठ किलोमीटरांचं काय सांगावं. चिखलीत वरात आडवी आली. घोड्यावरचा नवरदेव घामाने भिजलेला, बँडवाले भिजलेले, आणि करवल्या काही केल्या रस्ता सोडेनात. ‘‘बाई, नाचा नाहीतर थांबा,’’ एक जण म्हणाला. धम्मशीलाने स्कूटी नालीच्या काठावरून घातली. पुढे रस्ता मोकळा, पण मोकळा म्हणजे खड्डे मोजायला मोकळा. प्रत्येक खड्ड्याला ती मनातल्या मनात म्हणायची, असाच राहा, त्यायच्याही वाट्याले असाच ये. आयुष्यभर टायरवाल्या बाईनं खड्ड्यांना शिव्या दिल्या होत्या. आज ती त्यांचे पाय धरायला तयार होती.

मधून मधून स्कूटी उभी करून फोन लावायची. एकदा धम्मरत्नला, एकदा गुरुजींना. वाजत राहायचा. वळण आलं की वाटायचं, पलीकडे ट्रेलरचा मागचा लाल दिवा दिसेल. वळण संपायचं. पळसाची झाडं, उन्हात तापलेली शेतं, रस्त्यावर पाण्यासारखं हलणारं ऊन.

महामार्गाच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. समोर निळी पाटी. पाटीवर दुचाकीचं चित्र आणि त्यावर लाल रेघ.

ऐंशी

‘‘काकू, काकू! टू-व्हीलर नाही जात इथून!’’

केबिनमधून एक पोरगी धावत आली. गळ्यात ओळखपत्र, त्यावर काजल असं नाव.

‘‘जात नाही मी. मले फक्त सांग, पांढरा पिकअप, मागं ट्रेलर, ट्रेलरवर राखाडी कार. गेली का?’’

‘‘ट्रेलरवाली? गेली ना. एक पस्तीसला. त्या काकांनी मला विचारलं, जेवली का.’’ काजल हसली आणि धम्मशीलाचा चेहरा पाहून हसायची थांबली. ‘‘काय झालं?’’

धम्मशीलाने सांगितलं. आज पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं, आणि तेही एका अनोळखी पोरीला. मागचे दोन टायर ट्रॅक्टरचे. चाळीसच्या वर नको. तेरा मिनिटं झाली, ऐंशीवर.

पोरगी हुशार होती. ‘म्हणजे काय’ असं तिनं विचारलं नाही. केबिनमध्ये गेली, गस्तीच्या गाडीला फोन लावला, बाहेर आली.

‘‘गस्तीची गाडी मेहकरच्या अलीकडे आहे, दुसऱ्या बाजूला. वळून यायला वेळ लागेल. निघालेत पण.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘वीस मिनिटं तरी.’’

वीस मिनिटं. एक बावन्न झाले होते. धम्मशीला केबिनच्या सावलीत उभी राहिली. काजलने पाणी दिलं, ते तिनं हातात धरलं. दोनला गजर होईल. गुरुजी ताडकन उठतील. गजर बंद करायला फोन हातात घेतील. त्याच क्षणी तिचा फोन वाजला पाहिजे. आधी नको, आधी वाजला तर झोपेतच जाईल. फार नंतरही नको, परत खिशात टाकतील.

एक सत्तावन्न. एक कंटेनर आत गेला. त्याच्या अठरा चाकांपैकी एक आतलं बसकं होतं. तिच्या डोळ्यांनी ते आपोआप टिपलं.

एक एकोणसाठ.

दोन.

तिनं मनात दहा आकडे म्हटले आणि बटण दाबलं. दोनदा वाजलं.

‘‘हॅलो. कोण बोलतंय?’’

‘‘गुरुजी! धम्मशीला बोलते. टायरवाली.’’

‘‘थांब, गोळी घेतोय.’’ घोट. आणखी एक घोट. झाकण लावल्याचा आवाज. गुरुजी कोणतंही काम अर्धवट टाकत नसत. ‘‘हां, बोल.’’

‘‘फोन मोठ्या आवाजावर करा अन् ह्यांच्यापुढं धरा.’’

‘‘धम्मरत्न, तुझी बायको आहे.’’

लांबून, इंजिनाच्या आवाजातून, नवऱ्याचा गळा आला. हसत होता. ‘‘तिले सांगा, गाडी चालवताना बोलत नसतेत. भिंतीवर लिवलं आहे.’’

साठ किलोमीटर जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं तिच्या डोक्यातून गेलं. टायरचं नाव काढलं तर तो म्हणणार, आली मास्तरीण.

‘‘बोलू नका,’’ ती म्हणाली. ‘‘ऐका फक्त. ऐकाले मनाई नाही लिवली मी. गुरुजी, काटा कितीवर आहे?’’

‘‘ऐंशी. बरोब्बर ऐंशी.’’

‘‘मागून आवाज येते का? थड थड?’’

‘‘येतो. मघाशी डोळा उघडला होता तेव्हा मीही विचारलं याला. रस्त्याचे सांधे आहेत, म्हणाला.’’

धम्मशीलाने फोन कानात रुतेल असा दाबला. दुसरा कान केबिनच्या भिंतीला. टप् टप् टप् टप्. खरंच सांधे. आणि त्या टप्च्या पोटात आणखी काही होतं का? होतं. नव्हतं. एवढ्या लांबून, फोनमधून, देव जाणे.

‘‘ह्यांले सांगा, पाय उचला. ब्रेक नाही. एक्सलेटरवरचा पाय फक्त उचला.’’

‘‘काऊन?’’ धम्मरत्न. हसू कमी झालेलं. ‘‘मागं ट्रक लागून राह्यले. टायर नवे आहेत, आठ प्लायचे आहेत, किसनभाऊनं स्वतः...’’

‘‘कोणते आहेत ते मले माहीत आहे.’’

फोनमध्ये नुसते सांधे वाजत राहिले.

‘‘पुढं पूल येईन,’’ ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला. ओरडलं असतं तर तो भांडला असता. ‘‘पुलावर असे सांधे नसतात. तिथं ऐका. थडथड थांबली तर मी चुकली. फोन ठेवते, अन् भिंतीवरचं सारं पुसून टाकते. तुमच्याच हातानं पुसा.’’

 काजल केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

‘‘पूल दिसतोय,’’ गुरुजी म्हणाले. वर्गात गणित सोडवून दाखवावं तसे एकेक पायरी सांगू लागले. ‘‘शंभर मीटर. पन्नास. आलो. पुलावर आहोत.’’

टप् टप् थांबलं.

थड थड थड थड थड.

पूल लांब होता. तो आवाज सगळ्या पुलावरून त्यांच्या मागे मागे आला.

‘‘शीला,’’ धम्मरत्न म्हणाला. चार माणसांत त्यानं तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती. ‘‘सांग.’’

‘‘पाय उचला. ब्रेकले पाय लावू नका, काही झालं तरी. डाव्या अंगाचा दिवा लावा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ट्रेलर शेपूट हलवते आता थोड्या वेळानं. हलवू द्या. तुम्ही हलू नका. गाडी आपोआप मरू द्या. गुरुजी, तुम्ही आकडा वाचा.’’

‘‘अठ्ठ्याहत्तर,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘चौऱ्याहत्तर. सत्तर.’’

मागचा ट्रक लांबलचक भोंगा वाजवत बाजूने गेला.

‘‘पासष्ट. बासष्ट. हलतंय, धम्मशीला, मागे हलतंय. आमची पाठ हलतेय.’’

‘‘हलू द्या. सरळ धरा. समोर पाहा, आरशात नाही.’’

‘‘अठ्ठावन्न.’’ गुरुजी काट्यावर वाकले. ‘‘चौपन्न. चौपन्न. चौपन्नच आहे.’’

‘‘उतार आहे,’’ धम्मरत्न दातांतून बोलला. ‘‘कमी होत नाही.’’

‘‘खालच्या गिअरवर घ्या. हळू. क्लच झटक्यात सोडू नका. दुधाचं भांडं ठेवता तसं.’’

इंजिनाने सूर बदलला. थडथडीला आता फटकाऱ्याचा आवाज मिळाला होता. काहीतरी लोंबकळत पत्र्यावर आपटत होतं. धम्मशीलाला ते डोळ्यांसमोर दिसत होतं, जणू चाकाशेजारीच बसली होती: तीन पट्ट्यांपैकी एक सुटलेली, धाग्यांवरून रबर सोललेलं, आत हवा अजून टिकलेली. अजून.

‘‘एकोणपन्नास. पंचेचाळीस. त्रेचाळीस.’’

मग गुरुजींनी तो आकडा वाचला.

‘‘चाळीस.’’

 धम्मशीला केबिनच्या पायरीवर बसली. काजलने तिच्या हातातलं पाणी काढून घेतलं, कारण ते सगळं ओढणीवर सांडत होतं.

शून्य

‘‘उतरलो,’’ धम्मरत्न म्हणाला. आता फोन त्याच्या हातात होता. ‘‘डाव्या पट्टीत आहो. गुरुजी कठड्यापाशी आहेत. टोपी घालून.’’

‘‘हात लावा. पुढून.’’

पावलं. बाजूने एक गाडी सणकन गेली.

‘‘पुढचा डावा कोमट. पुढचा उजवा...’’ थांबला, फिरून पलीकडे गेला. ‘‘कोमट. मागचा उजवा गरम आहे, पन हात राहते.’’

मग पावलं थांबली.

‘‘मागचा डावा?’’

‘‘हात लावला नाही. टेकायच्या आधीच कळते.’’ तो हळू बोलत होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. ‘‘पट्टी सुटली. मडगार्ड झोडपून काढलं तिनं. अन् गालावर फुगा आला, शीला. पेरूएवढा.’’

मागून गुरुजी ओरडले, ‘‘पाणी ओतू का त्यावर? अर्धी बाटली आहे!’’

‘‘नाही!’’ तिच्या ओरडण्याने काजल दचकली. ‘‘तापल्या टायरले पाणी नाही. कोणी जवळ जाऊ नका. फुग्याच्या समोर उभं राहू नका. दोघंही कठड्याच्या पल्याड जा, पिकअपच्या पुढं जाऊन उभे राहा. तो आपापला थंड होऊ द्या.’’

ते गेले. गवतावरून चालल्याचा आवाज आला, गुरुजींची कुरकुर आली, की या वयात कठडा ओलांडायचा म्हणजे. काजलने दुसऱ्या फोनवरून बोलून मान हलवली: गस्तीची गाडी चार मिनिटांत पोचते.

‘‘येऊन राह्यले,’’ धम्मशीलाने सांगितलं. ‘‘ट्रेलर तिथंच ठेवा. कार उतरवून घेतीन ते.’’

‘‘हाव.’’

दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.

‘‘मी तुले विचारनार होतो,’’ धम्मरत्न म्हणाला. ‘‘परवाच. फोन हातात घेतला होता. मंग वाटलं, विचारलं तर ही तासभर शिकवते. साखरपुड्यात असन, चारचौघात शिकवते.’’

‘‘शिकवलं असतं.’’

‘‘म्हनून नाही विचारलं.’’

‘‘माहीत आहे.’’

तिच्या जिभेवर आणखी एक वाक्य होतं. दुकानातून निघाल्यापासून होतं. साठ किलोमीटर ते तिच्याबरोबर आलं होतं. तिनं तोंड उघडलं.

‘‘हात दुखते का?’’ असं तिनं विचारलं.

‘‘लावलाच नाही म्हनलं ना.’’

‘‘बरं.’’

ओळीने उभ्या गाड्यांमधून एक जण काजलला ओरडून विचारत होता, की आज रस्ता चालू आहे की बंद. धम्मशीला उठली, भिजलेली ओढणी पिळली, आणि फोन ठेवण्याआधी गुरुजींच्या घरचा नंबर विचारून घेतला. रुक्मिणीबाईंना या खेपेला खरं सांगायचं, एवढं तिनं ठरवलं.

जीपच्या मापाचे, ट्रेलरला लावायचे दोन कोरे टायर मंगळवारी सकाळी खामगावहून दुकानात आले होते. ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवल्याचं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.